युनूसभाईंच्या गॅरेजात पाइप नाही

मी डोक्यानं गरम माणूस, हे आधीच सांगून टाकतो. चाकणच्या एका कंपनीत तीस माणसांच्या लाइनवर सुपरवायझर आहे. काम अडलं की रेटायचं, एवढंच मला येतं. तर अशा या धर्माजीला ताळ्यावर आणणारा एकच माणूस, दिघीचे युनूसभाई मिस्त्री.

युनूसभाई साठीचे, बुटके, चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. दहा नंबरचा पाना रोज हरवणार आणि रोज त्यांच्याच खिशात सापडणार. पण त्यांच्या बाकड्यावर बघाल तर गाडीवाले कमी आणि घरची रडगाणी घेऊन आलेले जास्त. भाई चहा मागवतात, नट पुसत ऐकत बसतात. सल्ला म्हणाल तर शून्य. तरी माणूस उठताना हलका होऊन उठतो, राव.

याचं मूळ भिंतीवरच्या एका पुठ्ठ्यात आहे. भाई पूर्वी एका कंपनीत फिटर होते. तिथं पत्रा दाबायची प्रेस मशीन बसवायला चीनहून लिन साहेब आले, आठ महिने राहिले. जेवणाच्या सुट्टीत ते मोडक्यातोडक्या हिंदीत भाईंना ताओबद्दल सांगायचे. ताओ म्हणजे वाट. प्रत्येक गोष्टीची आपली एक चाल असते, ती ओळखायची, तिच्या आड यायचं नाही. पाणी बघ, म्हणायचे, ढकलाढकली करत नाही आणि अडूनही राहत नाही. जाताना त्यांनी पुठ्ठ्यावर ताओचं चिनी अक्षर काढून दिलं. गिऱ्हाइकांना ती स्पेअर पार्टची जाहिरात वाटते. भाई पाच वक्त नमाज पढणारे. चांगली गोष्ट कुणाकडूनही घ्यावी, म्हणतात.

आता माझं. माझी लेक हर्षाली माणच्या एका आयटी कंपनीत होती. दीड महिन्यापूर्वी नोकरी सोडून घरी बसली. का, ते सांगेना. मग मी काय करावं? पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट तिच्या मॅनेजरला गाठलं, हात जोडले, पोरीला परत घ्या म्हणालो. आमच्या लाइनवर असंच चालतं हो, साहेबाला भेटलं की काम होतं. हर्षालीला हे कळलं आणि तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. तीन आठवडे. ताट खोलीत नेऊन जेवायची. एकुलत्या एक लेकीचा आवाज कानावर पडेना, जीव नुसता तुटायचा.

शेवटी ठरवलं, रविवारी मामाला बोलवायचं. आमच्यात पोर हट्टाला पेटलं की मामा येतो, चार नातेवाईक जमतात आणि मधे बसवून त्याला समजावतात. बबनराव, म्हणजे माझे मेव्हणे, लगेच तयार झाले. हर्षाली युनूसभाईंचं ऐकते, म्हणून त्यांनाही सांगायला शनिवारी सकाळी गॅरेजात गेलो. मोटारसायकलचा सायलेन्सरही बदलायचा होता.

सायलेन्सरचा बोल्ट गंजून बसलेला. गंज सुटावा म्हणून भाईंनी त्यावर डिझेल सोडलं आणि चहा मागवला. चहा पिता पिता मी त्यांना रविवारचं सांगितलं. अर्धा तास झाला तरी बोल्टाला हात लावेनात. मी म्हटलं, पान्याच्या दांड्याला पाइप लावून लांबवा, जोर वाढतो, एका झटक्यात निघेल. ते म्हणाले, गॅरेजात पाइप ठेवतच नाही. माझा पारा चढला. बाहेर पडलेला नळीचा तुकडा मीच आणला, दांड्यावर चढवला आणि दिला जोर. बोल्टाचं डोकं तुटून खाली पडलं, बाकीचा आतच राहिला.

भाई चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. तुटलेलं डोकं उचलून पुसत राहिले.

"धर्माजी, अफताबला, माझ्या धाकट्या भावाला, मी असाच पाइप लावला होता. चार माणसं बसवून लग्नाला हो म्हणायला लावलं. महिन्याभरात घर सोडून गेला. अकरा वर्षं झाली, त्याचा आवाज ऐकला नाही." मग म्हणाले, "मी उद्या येणार नाही. तूही कुणाला बोलवू नको. नुसता घरी थांब."

नुसतं थांबायचं! माझ्यासारख्याला याच्याएवढी अवघड शिक्षा नाही. पण अकरा वर्षं हे शब्द डोक्यातून जाईनात. बबनरावांना येऊ नका म्हणून कळवलं, ते रुसले ते रुसलेच.

रविवारी सकाळी हर्षालीच्या स्कूटरचा लोंबता आरसा आवळत दारात बसलो. तासाभरानं ती येऊन पायरीवर बसली. मी जीभ दाताखाली धरली. आरसा जोरानं आवळत राहिलो.

"पप्पा, जोर लावू नका, आटे जातील," ती म्हणाली.

मी पाना तिच्या हातात दिला. तिनं आरसा नीट बसवला आणि त्याच्याकडंच बघत म्हणाली, "तुम्ही ज्याला पेढे दिले ना, त्याच्यामुळंच मी नोकरी सोडली. केबिनमध्ये बोलवून अंगाला हात लावायचा."

अंगातलं रक्त असं उसळलं की तिथनंच निघावं आणि त्याला तुडवावं. पण ती माझ्याकडं बघत होती, आता हा काय करतो म्हणून. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. माफ कर पोरी, म्हणालो. पुढं काय करायचं ते तूच ठरव, मी आहे. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडलो, लाज कसली त्यात.

मंगळवारी ती म्हणाली, कंपनीत तक्रार द्यायची. माझी गाडी तुटक्या बोल्टासकट गॅरेजातच पडलेली, म्हणून युनूसभाईंनी दुकान बंद करून आम्हाला त्यांच्या व्हॅननं माणला नेलं. आत हर्षाली एकटीच गेली. मी आणि भाई गेटबाहेर दोन तास थांबलो. मी रिकाम्या हातांनी, आणि भाई दहा नंबरचा पाना शोधत खिसे चाचपत.