बैलाच्या डोळ्याखालचा डाग

लग्नाच्या मुलींचे डाग पुसून पुसून माझा हात असा बसला होता की डाग दिसला की पुसायचा, विचार म्हणून करायचा नाही. जळगावातल्या ज्या स्टुडिओत मी उमेदीची आठ-नऊ वर्षं घालवली, तिथे माझं कामच ते होतं. निगेटिव्ह भिंगाखाली धरायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण, मुरमं, भाजल्याच्या खुणा भरून काढायच्या. छापून आली की मुलगी धुतल्या तांदळासारखी. पुढे पाहुण्यांसमोर खरी मुलगी येऊन बसली की काय व्हायचं, ते तिच्या बापाने निस्तरायचं. आम्हाला त्याची लाज नव्हती. मला तर अभिमानच होता.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या पाच-सहा वर्षांतली. रंगीत फोटो श्रीमंतांच्या लग्नात दिसायला लागले होते, आमचं सगळं अजून ब्लॅक अँड व्हाइटच. त्यात मला खूळ लागलं जनावरांचे चेहरे टिपायचं, अगदी जवळून. शेळीचा डोळा, म्हशीची ओली नाकपुडी, गाढवाच्या कानातली लव. स्टुडिओचे मालक म्हणायचे, ‘‘माणसं संपली का रे गावातली?’’ मी मनात म्हणायचो, यांना काय कळतंय. मी स्वतःला कलावंत समजत होतो. आता त्याचं हसू येतं, पण ते चांगलं हसू नाही.

जळगावला लागूनच्या पिंप्राळ्यात आमच्याच गल्लीत एक आबा राहायचे. बैलगाडीवर केळीचे घड रेल्वेच्या मालधक्क्यावर पोचवायचं त्यांचं काम. जोडीतला पांढरा बैल घरच्याच गाईचा, लहानाचा मोठा त्यांच्या हाताखाली झालेला. पोळ्याच्या दिवशी त्यांनी तो सजवून दारात आणला आणि मला म्हणाले, ‘‘बठ्ठा बैल येऊ दे भाऊ. शिंगं, झूल, शेपूट, बठ्ठं.’’

मी हो म्हणालो, जवळून फोटो घ्यायची काच लेन्सवर चढवली आणि नुसतं तोंड घेतलं.

फोटो उतरला मात्र देखणा. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. फक्त डाव्या डोळ्याखाली एक काळा डाग होता, कोयत्याच्या टोकासारखा वाकडा. वासरू असताना त्याचा डोळा सारखा गळायचा, तेव्हा आबांच्या वडिलांनी तापलेल्या लोखंडाने डाग दिला होता. आमच्याकडे जनावराला असे डाग देतातच. त्या पांढऱ्याशुभ्र तोंडावर तो मला खुपला. अर्धा तास पेन्सिल चालवली आणि नाहीसा केला.

आबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. ‘‘नुसतं तोंड काढं तू. बैल कोठे शे?’’ मग पुन्हा जवळ आणून, ‘‘आनि डाग नही दिसत.’’

‘‘सावलीत गेला असेल, आबा,’’ मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. मालकांनी मोठी प्रत काढून शोकेसमध्ये लावली, आणि येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तो बैल गोठ्यातून चोरीला गेला. आबांनी पोलिसात तक्रार लिहून दिली, डागासकट. तीन आठवड्यांनी निरोप आला की असाच एक बैल धुळ्याच्या बाजारात दिसला. घरचा बैल, त्यामुळे खरेदीची पावती नाही. पुरावा एकच, फोटो. आबा स्टुडिओत आले. ‘‘तू चाल मना संगे. फोटो तुनाच शे.’’

मी शोकेसमधली मोठी प्रत फ्रेममधून काढली. खरं सांगायचं तर एसटीत मी खुशीत होतो. माझ्या कलेचा आज खरा उपयोग होणार म्हणून. डागाची आठवणसुद्धा मला झाली नाही.

धुळ्याच्या पोलीस चौकीमागे बैल बांधलेला होता. आबांचा आवाज ऐकताच त्याने मान वळवली आणि त्यांचा हात चाटायला लागला. जमादार म्हणाला, ‘‘घामाच्या मिठासाठी कुणाचाही हात चाटेल तो.’’ बैल ज्याच्याकडे सापडला तो व्यापारी शेजारी उभा, खिशात बाजाराची पावती. मी फोटो पुढे केला. जमादाराने फोटो पाहिला, बैल पाहिला, तक्रारीचा कागद पाहिला.

‘‘तक्रारीत डाग आहे. बैलाला डाग आहे. फोटोत नाही. फोटो कधीचा?’’

‘‘गेल्या सालच्या पोळ्याचा,’’ आबा म्हणाले.

व्यापारी हुशार. लगेच म्हणाला, ‘‘डाग मीच दिला साहेब, पंधरा दिवस झाले. डोळा गळत होता.’’

डाग जुना, त्यावरची कातडी केव्हाच वाळलेली. आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं. पण जमादाराला हात लावायचा नव्हता, की तीन आठवड्यांपूर्वीच्या तक्रारीत तो डाग आधीच कसा, हे विचारायचंही नव्हतं. त्याच्या हातात फोटो होता.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी गप्प राहिलो, कारण आबा माझ्याकडे बघत होते. शेवटी बोललो. डाग मी पुसला, निगेटिव्हवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, उद्या आणून दाखवतो. जमादार मोकळेपणाने हसला. ‘‘म्हणजे तुझ्या फोटोत तुला पाहिजे ते दिसतं. मग उद्या काय दाखवणार?’’ त्याने व्यापाऱ्याला बैल सोडून न्यायला सांगितलं. बैल दोनदा अडला. तिसऱ्यांदा शेपटी पिरगाळली तसा गेला.

परतीच्या गाडीत आबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. जळगावच्या स्टँडवर उतरल्यावर मला एवढंच सुचलं, मी फोटो त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, ‘‘आबा, निदान आठवण म्हणून तरी राहू द्या.’’

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. दिव्याखाली नेऊन डोळ्याखालच्या जागेवरून अंगठा फिरवला. मग परत माझ्या हातात दिला.

‘‘हाऊ मना बैल नही,’’ ते म्हणाले.

दुपारभर जमादार तेच सांगत होता. पण आबांनी म्हटलं तेव्हा ते खरं झालं.