नाहीदची केसभर रेघ

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे नाहीदचं पार्लर आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि शिस्त मात्र शाळेतल्या बाईंची. "लायनर लावलेलं दिसून राह्यलं, म्हंजे चुकलं," असं ती ठणकावून सांगते. पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक ठिपके द्यायचे, कोपर टेकवून ते जोडायचे, बस. डोळे उपजतच तसे वाटले पाहिजेत. तिच्या या हाताचं मला इतकं कौतुक, की मीच मोनालीला तिच्याकडे घेऊन गेले. नसते गेले तर बरं झालं असतं.

मोनाली माझ्या शेजारच्या इंदुताईंची मुलगी. तिची उजवी पापणी जन्मापासून अर्धी उतरलेली. दोन स्थळं त्यावरून परत गेली होती, माणसं कसली, मेली डोळे मोजायला आली होती. सावली गावाहून पाहुणे मोनालीला बघायला यायचे त्या सकाळी नाहीदने चांगल्या डोळ्यावर रेघ किंचित जाड धरली, उतरलेल्या डोळ्यावर केसभर. दोन्ही डोळे सारखे दिसू लागले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि तिथेच होकार दिला.

"आता सांगून टाका त्यायले," नाहीद इंदुताईंना म्हणाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," इंदुताई म्हणाल्या. मी दीडशहाणी तिथेच होते, पण गप्प बसले.

लग्नाआधी पंधरा दिवस मोनाली स्वतः रेघ काढायला शिकायला आली. उतरलेला डोळा तिला जमला, चांगला काही जमेना. त्यावर रेघ काढायची तर तो मिटावा लागतो आणि बघायचं काम उतरलेल्या डोळ्यावर येतं. त्या पापणीआडून तिला आरसा अर्धाच दिसायचा. रेघ वाकडी जायची, पुसायची, पुन्हा वाकडी जायची. शेवटी नाहीदनेच हात टेकले.

"माहा हात तुह्यासंगं कसा पाठवू?" ती म्हणाली.

लग्नाला आता सात महिने झाले. मोनाली सासरी सगळ्यांच्या आधी उठते, न्हाणीत मोबाईल टेकवून नाहीदला व्हिडिओ कॉल लावते. नाहीद इकडून "थोडं खाली, तिथी थांब" सांगत राहते. पोरगी रात्री रेघ न पुसताच झोपते, त्याने डोळे लाल होतात. सासू तिला नटवी म्हणते. नवरा म्हणतो, तुझ्या डोळ्यांवरच भाळलो. सासूच्या टोमण्यापेक्षा तिला याचीच जास्त धास्ती आहे. आम्हा दोघींचा जीव तुटतो, पण करणार काय?

परवा गावाला जायचं म्हणून मी उजाडायच्या आतच नाहीदकडे भुवया करायला गेले होते, तेव्हा मोनालीचा कॉल आला. तिला दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. नाहीदने हसून पेढे मागितले. मोनाली हसली नाही.

"ताई, लेकराचा डोळा माह्यावर गेला तं?"

"नाई जात," नाहीद म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय ठाऊक?

"गेला तं मी काय करू? पाचवीले सासू लेकराच्या डोळ्यात काजळ घालाले बसन. पापणी बोटानं वर करन. तवा?"

नाहीदने मोबाईल डोळ्यांजवळ आणला. मोनाली पडद्यातून तिच्याकडे पाहत होती, एका डोळ्यावर रेघ काढलेली, दुसरा तसाच.