जांभळाची वाईन घातली तेव्हा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सजवून लिहायला जमत नाही. बायको जाऊन आठ महिने झाले. रडू येतं, आणि रडता रडता तिचा रागही येतो. तो का, ते सांगतो.

तळोज्याला कंपन्या नव्याने उभ्या राहत होत्या तेव्हा मी तिथं हेल्पर लागलो. राहायला वाशीत, तळमजल्यावर एक खोली आणि मोरी. आमच्या बरोब्बर वर माझा दोस्त, गावाकडचाच, त्याच कंपनीतला. खात्यात वसईकडचा एक ख्रिस्ती फिटर होता. एका नाताळात त्यानं घरची द्राक्षाची वाईन पाजली. मी म्हटलं, मला शिकव. तो म्हणाला, "जांभळाची कर. गेटवर ढिगानं मिळतात." खरंच मिळायची. करंजाड्याकडच्या बाया पाट्या घेऊन बसायच्या.

साखर रेशनची. एका कार्डावर पुरेना म्हणून वरच्या दोस्तालाही सामील केलं. दोन बरण्या घालायच्या ठरल्या, एक आमच्याकडं, एक त्याच्याकडं. बायकोनं माहेरची लोणच्याची बरणी काढून दिली. देताना म्हणाली, "अहो, ही दारूच ना?"

"सरबत आहे. जरा जास्त शिकलेलं."

"म्हणजे तुमच्यापेक्षा शिकलेलं." आणि पदर खोचून जांभळं कुस्करायला बसली.

बी फुटू द्यायची नाही, कडू होतं. मग साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू आणि पाववाल्याकडचं चिमूटभर यीस्ट. फिटरनं बजावलं होतं, "झाकण लावायचं नाय. वर फडकं बांध. आत गॅस होतो, त्याला वाट पाहिजे." चौथ्या दिवशी बायकोनं बरणीला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती.

"काय म्हणते हो ही?"

"साखर कमी पडली म्हणते."

बाराव्या दिवशी पहिली पाळी करून घरी आलो, तर दाराला कडी आणि शेजारीण म्हणाली, तुमच्या बायकोला पोलीस घेऊन गेले. खाडीकडच्या झुडपांत तेव्हा हातभट्ट्या होत्या, म्हणून पोलीस फिरतच असायचे. चौकीत गेलो तर ती बाकड्यावर बसलेली, बरणी मांडीवर. ती बरणी कमरेवर घेऊन तिला भर बाजारातून चालवत आणलं होतं. साहेबानं वास घेतला, हसला, पुन्हा असं करणार नाही म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं आणि सोडलं. बरणी ठेवून घेतली.

त्या दिवसापासून बिल्डिंगीत तिचं नाव दारूवालीण. संक्रांतीला तिनं हळदीकुंकू ठेवलं. वाणाला प्लास्टिकचे डबे आणले होते. वरची सोडून एक बाई आली नाही. ते डबे आम्ही पुढं कितीतरी वर्षं वापरले.

मी दोस्ताला विचारलं, पोलिसांना कोणी सांगितलं असेल? तो म्हणाला, "माहीत तिघांनाच. तू, मी आणि तो फिटर. मग आता तूच बघ."

मी बघितलं. कँटीनमध्ये सगळ्यांदेखत फिटरला म्हणालो, "किती दिले रे पोलिसांनी तुला?" त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "मी?" एवढंच बोलला. तो रिटायर होईपर्यंत मी त्याच्याशी शब्द बोललो नाही. घरी मात्र रोज शिव्या. बायको म्हणायची, "जाऊ द्या हो," आणि ताटात भाजी वाढायची.

तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दोस्त आला. चहा पीत म्हणाला, "वहिनी होत्या तोवर बोलायचं नव्हतं."

मग सांगितलं. त्याच्या बायकोनं लोणच्याची सवय म्हणून बरणीला झाकण घट्ट बसवून वरून सुतळी आवळली होती. बरणी तडकली, वास जिन्यात गेला. पोलीस वर चढताना दिसला तसं यानं उरलेलं मोरीत ओतलं. दार उघडून म्हणाला, "बनवतात खालचे. आम्हाला नुसता वानोळा आला."

त्याच्या मोरीचा पाइप आमच्या मागच्या दाराशी उतरायचा. बायको तिथं भांडी घासत होती. जांभळं पाणी तिच्या पायाशी आलं, आणि पाठोपाठ वरून उतरलेला पोलीस दारात. तिला तेव्हाच सगळं कळलं.

"मग मला का नाही बोलली?"

"आमची ही तेव्हा सातव्या महिन्यात होती. वहिनी म्हणाल्या, भावजी, यांना कळलं तर तुमचं डोकं फोडतील. तुमचं घर बसेल आणि माझंही. मी हाय तोवर तोंड उघडू नका."

मी म्हटलं, "चहा झाला असेल तर ऊठ."

त्याचं मला फार नाही वाटलं. भित्रा माणूस तो. पण ही? मी एका निर्दोष माणसाला रोज शिव्या घालतोय आणि ही भाजी वाढतेय?

पत्ता काढत वसईला गेलो. फिटर म्हातारा झालाय, काठी घेऊन दारात आला. उंबऱ्यावरच सांगून टाकलं, माझी चूक झाली.

तो म्हणाला, "मला ठाऊक आहे. मी रिटायर झालो त्याच वर्षी तुझी बायको येऊन गेली. हात जोडले मला. मी म्हटलं, बाई, हे नवऱ्याला सांग. ती म्हणाली, आता सांगितलं तर इतकी वर्षं का लपवलं, तेही सांगावं लागेल."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? जेवून जा म्हटलं. जेवली."

त्या दिवशी ती मला कल्याणला बहिणीकडं जाते म्हणाली होती. मीच तिला स्टँडवर सोडलं. बहिणीसाठी पेरूही घेऊन दिले.

फिटर म्हणाला, आत ये, बस. मी बसलो नाही. त्यानं तिला माफ केलं होतं, दोस्तानं माझ्यापुढं मन मोकळं केलं होतं, आणि मला आता भांडायचं आहे ते फक्त तिच्याशी. ती सोडून दुसऱ्या कोणाशी भांडून उपयोग नाही.