तेलगळती नॉर्मल

आमच्या नोकरीत काहीही न घडणं म्हणजे उत्तम काम. सबस्टेशनला दिवसभर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो, आम्ही दर तासाला मीटरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवतो आणि मधल्या वेळात चहा पितो. त्यामुळे वर्षातून एखादी गोष्ट घडली की आम्ही ती पुरवून पुरवून वापरतो. बदलीवर नवीन माणूस आला की त्याला आधी किस्से ऐकवतो, मग पॅनल दाखवतो! तेल सांडलं त्या आठवड्याने तर आम्हाला रिटायर होईपर्यंत पुरेल एवढा माल दिला.

आधी माणसं सांगतो. मी जाधव, ज्युनिअर इंजिनिअर, राहायला खारघर. कांबळे आमचा टेक्निशियन, मूळचा लातूरकडचा, तोंडाने फटकळ पण कामाला वाघ. म्हात्रे काका ऑपरेटर, सबस्टेशनच्या भिंतीमागच्याच गावातले. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर भोसले साहेब. साताऱ्याकडचे, आवाज इतका मोठा की त्यांना फोनची गरजच नाही, असं आम्ही म्हणायचो.

*

झालं असं, की बुधवारी सकाळी मी गेटमधून आत शिरलो तर बुटाखाली पचपच. बघतो तर जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या व्हॉल्व्हचं गॅस्केट गेलेलं आणि तेलाची धार लागलेली. धार साधीसुधी नाही, मनगटाएवढी!

मी धावत कंट्रोल रूममध्ये. काका टेबलाशी बसून शांतपणे रजिस्टर भरत होते.

"काका, तेल चाललंय सगळं!"

"म्हायती हाय. साहेबाला फोन लावलाय, ट्रान्सफॉर्मर बंद केलाय, कांबळे पाना आनायला गेलाय. आन् रजिस्टरला पन लिवलाय."

मी रजिस्टर बघितलं. काकांची पंचवीस वर्षांची सवय, शेऱ्याच्या रकान्यात शेवटचा शब्द ठरलेला. आठ वाजता : तेलगळती सुरू. नऊ वाजता : तेलगळती नॉर्मल!

*

ट्रान्सफॉर्मर बंद म्हणजे अर्ध्या जुईनगरची लाईट बंद. मग फोन सुरू झाले. मी आणि काका तेलात, त्यामुळे फोनवर कांबळे. त्याला सांगितलं होतं, पब्लिकशी नीट बोल, खरं काय ते सांग.

पहिले वीस फोन त्याने खरंच नीट घेतले. "तेल गळलंय, काम चालू हाय, दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर घ्यायलोय." मग एका सोसायटीतून एक मावशी आल्या लाईनवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फार कळवळल्या बिचाऱ्या.

"तेलच कमी पडलंय ना? मग आमच्याकडे आहे की. आत्ताच डबा फोडलाय. सनफ्लॉवर चालेल का?"

कांबळेने एक सेकंद विचार केला आणि म्हणाला, "मावशी, आम्हाला आठ हजार लिटर लागतंय. भजी तळून उरलं तर कळवा!"

*

इथपर्यंत सगळी गंमतच होती. फोनवर बसण्याआधीच कांबळेने व्हॉल्व्ह आवळून धार थांबवली होती, पण तोपर्यंत जे सांडायचं ते सांडलं होतं. ट्रान्सफॉर्मरखालचा खड्डा भरून तेल मागच्या गटाराकडे सरकत होतं. ते गटार भिंतीखालून नाल्यात जातं. आणि नाला कुठे जातो हे काकांनी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमच्या तलावान. जाधवसाहेब, रविवारी पोरीची हलद हाय. मटन सगलेच करतान. मी तलावातला जिताडा मासा सांगलाय. दोन वरसा पोसलाय त्याला, पोरीसारखा. सगला गाव येनार, पावने येनार. त्या पान्यान तेल गेला तर मी तोंड कुठं दाखवू?"

काका कधी घाबरले नव्हते. एकदा पॅनलमध्ये धामण निघाली तेव्हा त्यांनीच तिला पिशवीत घालून बाहेर सोडली होती. त्या दिवशी मात्र ते माझा हात सोडेनात. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "काका, एक थेंब जाऊ देणार नाही."

म्हणालो खरा, पण गटार अडवायचं कशाने? वाळू हवी. आणि वाळू फक्त आगीसाठी ठेवलेल्या लाल बादल्यांमध्ये! आम्ही तिघं धावलो. पहिल्या बादलीत वाळू कमी, बिडीची थोटकं जास्त. दुसरीत वॉचमनची छत्री खोचलेली. तिसऱ्या आणि चौथ्या बादलीत हिरवीगार, टवटवीत, हातभर वाढलेली कोथिंबीर.

मी कांबळेकडे बघितलं.

"ओ सर, बघू नका असं," कांबळे म्हणाला. "तीन वर्षं झाली, आग लागली का एकदा तरी?"

वाळू, थोटकं, छत्री, कोथिंबीर, सगळं गटारात ओतलं. त्यावर गोण्या टाकल्या आणि गोण्यांवर कांबळेला बसवला. बांध टिकला! तासाभराने पंप आणि रिकामे ड्रम आले, तोपर्यंत कांबळे कोथिंबिरीसाठी हळहळत तिथेच बसून होता.

*

बारा वाजता भोसले साहेब पोचले. आल्याआल्या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि सेफ्टीवर भाषण सुरू केलं. साहेबांचं भाषण म्हणजे हातवारे आलेच.

"तेल म्हणजे काय चेष्टा नाही! पळायचं नाही. घाई करायची नाही. पाऊल कसं टाकायचं, मी दाखवतो. बघा माझ्याकडे, असं..."

आणि साहेब निघाले. पडले नाहीत, हं! उभेच्या उभे, एक बोट वर, ट्रान्सफॉर्मरपासून जे घसरत निघाले ते कंट्रोल रूमच्या पायरीपर्यंत. वाटेत तोंड सुरूच होतं. "...असं अजिबात टाकायचं नाही!"

कोणी हसलं नाही. कांबळे तर तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळला होता. काकांनी आत जाऊन नोंद केली : बारा वाजून दहा मिनिटं, साहेबांनी पाहणी केली, वेगाने.

*

दुसऱ्या दिवशी कामावर येऊन बघतो तर गेटवर रांग. सगळी साठीच्या पुढची मंडळी, प्रत्येकाच्या हातात बाटली. मधे कळंबोलीच्या ट्रक यार्डातला एक ड्रायव्हर चक्क कॅन घेऊन उभा. कुठून तरी बातमी गेली होती की ट्रान्सफॉर्मरचं तेल निघालंय, आणि हे तेल गुडघ्याला चोळलं की माणूस धावायला लागतो असा लोकांचा पक्का समज आहे.

मी हात जोडून सांगितलं, हे तेल माणसासाठी नाही, कातडी खराब होईल, घरी जा. कोणी हललं नाही. सर्वांत पुढे एक आजोबा काठी टेकून उभे होते. ते माझ्यावरच चिडले.

"मला शिकवतोस? वीस वर्षं हेच तेल चोळतोय मी!"

"मग आजोबा, गुडघा बरा झाला?"

"कुठे झाला? म्हणून तर अजून पाहिजे!"

*

ट्रान्सफॉर्मरखाली जी खडी पसरलेली असते ती सगळी तेलाने माखली होती. वरून आदेश आला, खडी काढून, धुऊन, वाळवून परत टाका. दोन दिवस आम्ही आणि ठेकेदाराची चार माणसं दगड धूत होतो. सोड्याचं पाणी, ब्रश, टोपल्या. धुतलेली खडी ताडपत्रीवर उन्हात पसरलेली. बाहेरून जाणाऱ्या एका बाईंनी जाळीतून कांबळेला विचारलं, "काय वाळत घातलंय हो? पापड?"

दोन दिवस दगड घासून कांबळेचं डोकं फिरलं होतं. तो म्हणाला, "खडीसाखर! पण अजून गोडी उतरली नाही, सोमवारी या."

बाई सोमवारी आल्या. डबा घेऊन!

*

शुक्रवारी मी आणि काका नाला तपासत तपासत तलावापर्यंत गेलो. बांधाच्या पलीकडे नाल्यात तेलाचा पत्ता नव्हता. तलावाच्या काठी मी पांढरे कागद पाण्यावर ठेवून बघितले, चार कोपऱ्यांत चार. तवंग नाही, वास नाही, डाग नाही. काका गुडघाभर पाण्यात उतरले, ओंजळ नाकाशी नेली आणि तसेच उभे राहिले. तेवढ्यात मधोमध जिताड्याने उसळी मारली, चांगला हातभर. काका लहान पोरासारखे हसले.

मी त्याच दुपारी रिपोर्ट लिहिला, दोन पानं, एक एक गोष्ट तपशिलाने. भोसले साहेब जीपमधून कुठेतरी निघाले होते, फोनवर कोणाला तरी झापत होते. त्यांनी फोन खांद्यात धरून, कांबळेच्या पाठीवर कागद ठेवून सही ठोकली आणि गेले.

काम फत्ते, असं आम्हाला वाटलं. पण सबस्टेशनची बातमी वायरीपेक्षा लवकर पोचते. शनिवारपर्यंत गावात एकच चर्चा, म्हात्र्याच्या जिताड्यात करंटचं तेल हाय!

*

रविवारी संध्याकाळी हळद. मंडपात चारशे माणूस. डीजे जोरात, नवरी पिवळीधमक, बायका नाचून दमलेल्या. मी आणि कांबळे साहेबांना घेऊन गेलो होतो. पंगत बसली, पानं मांडली, भाकऱ्या वाढल्या. जिताड्याचं कालवण आलं, तळलेल्या तुकड्या आल्या. घमघमाट सगळ्या मंडपभर!

आणि एकही माणूस हात लावेना.

सगळे एकमेकांच्या पानाकडे बघत बसलेले. व्याह्यांनी तर हात मांडीखाली घेतला होता. काका वाढपाचा डाव हातात धरून मंडपाच्या मधोमध उभे, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. मुलगी पाटावरून बापाकडे बघत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात काकांची मोठी बहीण, द्रौपदीआत्या, कमरेला पदर खोचून पुढे आली. सगळा गाव त्या बाईला टरकतो. तिने हात वर केला, डीजे बंद.

"तेल नाय गेला ते कागदावर कोनी लिवून दिलाय?"

काका हळूच म्हणाले, "साहेबांची सही हाय त्यावर."

"कोन साहेब?"

चारशे माना वळल्या. आता हे सांगायला हवं की साहेब मटणातला माणूस. मासा म्हटला की त्यांना काटा दिसतो. आयुष्यात त्यांनी मासा खाल्ला असेल तर डोळ्याला पट्टी बांधून. आत्याने सर्वांत मोठी तुकडी, डोक्याकडची, त्यांच्या पानात ठेवली.

"सही तुमची ना? मंग पयला घास पन तुमचा."

साहेबांनी तुकडीकडे बघितलं. तुकडीनेही साहेबांकडे बघितलं, डोळा होता ना तिला! मग त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली होती.

साहेब उठून उभे राहिले. बाह्या सरसावल्या. तोच मोठा आवाज.

"भोसल्याची सही आहे! सही म्हणजे शब्द. मी जे लिहिलंय, त्याला मी जबाबदार. काटा लागला तरी चालेल, पण शब्द खाली पडणार नाही!"

खाली बसले आणि खाल्ली. अख्खी तुकडी, काट्यांसकट कडाकडा. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, मिशी पुसली आणि ओरडले, "आत्या, अजून एक!"

मग जी पंगत सुटली म्हणता! कालवण दोनदा मागवलं, तुकड्या पुरल्या नाहीत, व्याह्यांनी तर पातेल्यालाच हात घातला. डीजे पुन्हा दणाणला. काका साहेबांच्या पाया पडायला वाकले, साहेबांनी त्यांना मिठी मारली, कांबळे आणि मी दोघं डोळे पुसत होतो.

साहेब तिसऱ्या तुकडीवर होते. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका हळू ऐकला.

"जाधव, आता खरं सांग. त्या रिपोर्टमध्ये लिहिलंय काय?"