सत्तर फुटांवरचा धोंडा

याउ क्वाई-हिंगला चिखलाची कधी घाण वाटली नाही. वाटून चालणारच नव्हतं. हाँगकाँगच्या खाडीत भराव टाकून केलेल्या जमिनीवर ती आणि तिचा नवरा त्सांग साँग अकरा वर्षं इमारतींच्या पायाचे खड्डे खणत होती. नवरा खाली, बायको वर, असं ते जोडीनं करायचं काम. चार फूट रुंदीचा खड्डा, दिवसाला तीन फूट खोल. तेवढं झालं की कडेनं सिमेंटचं कडं ओतायचं, म्हणजे ओली माती अंगावर येत नाही. असं करत करत खडकाला टेकायचं, मग खड्डा काँक्रीटनं भरायचा. साँग खाली खणायचा, हिंग खड्ड्यावरच्या लोखंडी तिपाईशी उभी राहून यंत्राच्या दोरानं बादली वर घ्यायची. दोर बायकोच्याच हातात का, हे तिथं कोणी विचारत नाही. परक्याला चहाची तल्लफ येते, डुलकी लागते. बायकोचं अख्खं घर खाली लोंबकळत असतं.

बादलीतून काय काय वर यायचं ते सांगायला नको. पहिले वीस फूट म्हणजे शहराचा उकिरडा. सडकी जाळी, चपला, संडासाची फुटकी भांडी, एकदा तर अख्खं मेलेलं डुक्कर. त्याच्याखाली समुद्राचा काळा गाळ. त्याचा वास कपड्यांतून जात नाही, भातातही उतरतो. हिंग तो गाळ हातानं निपटायची आणि त्याच हातांनी, नीट धुवून, खारवलेला मासा आणि भात खायची. तिला मळमळायचं ते माणसांमुळं.

त्यात पहिला नंबर चोय मुकादमाचा. गडी दिवसभर बडीशेपेच्या गोळ्या चघळणार आणि खड्ड्याजवळ आला की नाकाला रुमाल लावणार. सगळे खड्डे अठ्ठ्याऐंशी-नव्वद फुटांवर खडकाला टेकले होते, काँक्रीट भरून मोकळे झाले होते. राहिला होता एकटा सात नंबर, साँगचा. सत्तर फुटांवर असताना तिथं चिखल खालून उसळायला लागला. सकाळी उपसावं तर दुपारी पुन्हा गुडघाभर. मुकादम रोज येऊन कुरकुरायचा, "वहिनी, तुझा नवरा खणतोय की पोहतोय?"

आणि एका मंगळवारी साँग खालून ओरडला, "लागला! खडक लागला!"

"सत्तरलाच?" हिंग वाकून ओरडली. "बाजूचा नव्वदला लागला, आणि तुझ्यासाठी काय उठून वर आला काय?"

खालून दोर दोनदा हलला, बादली वर घ्यायची खूण.

बुधवारी सकाळी इंजिनियर तपासायला आला. नवा होता, बूट कोरे. नियमानं त्यानं बादलीत बसून खाली जायचं, स्वतःच्या हातानं तळ बघायचा. त्यानं वरूनच विजेरी मारली आणि लगेच मान मागं घेतली. शी, काय तो वास! मुकादमानं रुमाल पुढं केला. "साहेब, कशाला कपडे खराब करता? खडक आपण इथूनच ऐकू." मग खाली तोंड करून ओरडला, "साँग, वाजव रे!"

खाली साँगनं घण मारला. टण्ण. पुन्हा टण्ण. स्वच्छ, कोरडा आवाज वर आला. इंजिनियरनं मान हलवली, कागदावर सही केली. दुपारी काँक्रीट.

हिंगनं नवऱ्याला वर घेतलं. त्याच्याबरोबर त्याची पहार आली, ती तिनं उचलून उजेडात धरली. खडकावर मारलेल्या पहारेचं फक्त टोक मळतं. ही मुठीपर्यंत काळी होती, पाच फूट. म्हणजे खाली खडक नव्हता. चिखलात अडकलेला एखादा मोठा धोंडा होता, त्याच्या कडेनं पहार लोण्यात गेल्यासारखी गेली होती. आणि ते साँगला माहीत होतं. माहीत असून त्यानं घण वाजवला होता.

ती त्याला पत्र्याच्या आडोशाला घेऊन गेली.

"हे काय आहे मेल्या?"

"हळू बोल."

"हळू बोलू? वीस मजले उभे राहणार आहेत याच्यावर! तिथं माणसं झोपणार, पोरं नाचणार. आणि खाली काय, तुझा टण्ण?"

"बाकीचे सगळे खांब खडकावर आहेत," साँग पुटपुटला. "एकानं काही होत नाही. मुकादम म्हणाला."

"मुकादम म्हणाला!" हिंगनं थुंकी टाकली. "अकरा वर्षं तुझ्या अंगाचा गाळ धुतला मी. कधी नाक मुरडलं नाही. आज तुझ्याजवळ उभं राहवत नाही मला."

ती सरळ तिपाईकडं गेली आणि बादलीत पाय ठेवला. "दोर धर."

"वेडी झालीस का? तू कधी खाली गेलीयेस?"

"तू सोडणार आहेस, की मी उडी मारू?"

साँगनं दोर धरला. बादली झटके खात खाली गेली. सत्तर फूट काही थोडे नसतात. वरचं आभाळ ताटलीएवढं झालं. हवेच्या नळीतून येणाऱ्या वाऱ्यालाही कुजका वास होता. पायाखाली करडा धोंडा, आणि एका कडेनं हातभर रुंद काळा राडा, बुडबुडे सोडणारा. हिंगला ओकारी आली. ती ओकली, तोंड पुसलं आणि फावडं उचललं.

वर काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिली. मग मुकादमाचं तोंड सुटलं. "तिला वर ओढ! बाईमाणूस खड्ड्यात? वेळ कुणाच्या बापाचा जातोय?"

"माझ्या डोक्यावर ओता ना!" खालून हिंगचा आवाज आला. "साहेब, सही केलीये तुम्ही. ओता!"

इंजिनियर कडेला आला. ह्या वेळी त्यानं मान मागं घेतली नाही.

हिंगनं धोंड्याच्या कडेचा राडा उपसून बादली भरली. साँगनं ओढली, ओतली, खाली सोडली. मुकादम त्याच्या कानाशी ओरडत होता, पण साँगचं लक्ष दोराकडं होतं. दुसरी बादली वर गेली. तिसरी भरताना हिंगच्या पायाखाली काहीतरी हललं. ती बादलीला लटकली आणि किंचाळली.

साँगनं यंत्राचा दांडा खेचला, बादली तिच्यासकट उचलली गेली. तेवढ्यात खाली धोंडा कलंडून धप्पकन दोन हात खचला, आणि त्याच्या जागी काळं पाणी उकळल्यासारखं वर आलं. आवाज गाडीवाल्यानंही ऐकला. इंजिनियरनं विजेरी मारून खाली बघितलं. त्यानं सहीचा कागद काढला, मुकादमाच्या समोर फाडला आणि गाडी परत पाठवली.

हिंग वर आली ती खांदा सिमेंटच्या कड्यावर आपटून, रक्त आणि गाळ एक झालेला. साँगनं तिला बादलीतून उचलून जमिनीवर बसवलं आणि स्वतःच मटकन बसून रडायला लागला.

"मी पैशासाठी नाही केलं गं," तो म्हणाला. "मला भीती वाटत होती. चिखल खालून येतो तेव्हा पाय सुटत नाहीत. रोज वाटायचं, आज बुडणार."

"मग तसं सांगायचंस!" हिंग भडकली. "भीती वाटते म्हणायचंस. त्यात लाज कसली? मी काय तुला खाल्लं असतं?"

साँगनं बाहीनं नाक पुसलं.

"बाजूच्या खड्ड्यावरचा आ-चुन घाबरून काम सोडून गेला," तो म्हणाला, "तेव्हा तू आठवडाभर सगळ्या बायकांपुढं त्याच्या रडण्याची नक्कल करत होतीस. सगळ्यांत जास्त तूच हसलीस."

हिंगनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दातांत गाळ होता. ती थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली, आणि साँगकडं न बघता कितीतरी वेळ तशीच थुंकत राहिली.