मामांची टाळी

कोल्हापुरात इतके मोठे स्पीकर घरात ठेवून इतक्या हळू आवाजात गाणं ऐकणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय दुसरा झाला नाही, आणि होणारही नाही. मुळात आमच्या गावात हळू आवाज ही वस्तूच मिळत नाही. इथे माणूस शेजारी बसलेल्याकडे तंबाखू मागतो, तीही रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला कळेल अशा बेताने. आणि स्पीकर म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचतात ती भिंत. अशा गावात, उद्यमनगरात गिअर कापायचा कारखाना चालवणाऱ्या मामांनी नव्वद सालच्या आसपास कपाटाएवढे दोन स्पीकर घेतले. एका साखर कारखान्यावर यंत्रं बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर मायदेशी परतताना ते विकून गेला होता. स्पीकर घरात आले आणि साड्यांचं कपाट बाहेर गेलं, कारण दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. मामींच्या साड्या, गाद्या, वाकळा मागच्या भिंतीवरच्या उघड्या फळ्यांवर चढल्या. मामी एवढंच म्हणाल्या की जाऊ दे, हे कपाट निदान बोलतं तरी. एकदा गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष मिरवणुकीसाठी ते स्पीकर मागायला आले. मामांनी त्यांना खुर्चीत बसवून सतार ऐकवली. आलाप संपायच्या आत अध्यक्षांना झोप लागली. जागे झाल्यावर चहा पिऊन गेले, आणि त्या स्पीकरमध्ये काही दम नाही असं त्यांनी गल्लीभर सांगितलं.

मामांची दुसरी खोड म्हणजे टाळी. कुणाच्याही घरी गेले की चपला काढून आधी एक खणखणीत टाळी वाजवायची आणि मान कलती करून ऐकत उभं राहायचं. खोली किती घुमते ते त्यांना त्यावरून कळे. घरच्यांना मात्र आरती सुरू झाली की काय असं वाटे. आमच्या लग्नाआधी मुलाचं घर बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांच्या नमस्काराला त्यांनी टाळीनेच उत्तर दिलं. पगार, शेती, शिक्षण, काही विचारलं नाही. "घर भरल्यालं हाय, घुमत न्हाई. द्या पोरगी," असं बहिणीला सांगून ते पोह्यांकडे वळले. माझं लग्न असं ठरलं.

मात्र त्या स्पीकरना अँप्लिफायर शोधणं हे स्थळ शोधण्याहून अवघड निघालं. "पावणं," ते मला समजावत (मी जावई, तेव्हा जन्मभर पावणाच), "ह्येंचं खाणं लई हाय. ताकद पायजे, पन आडदांड नको." मग पुण्या-मुंबईहून एकेक अँप्लिफायर दाखवायला येई आणि रीतसर कांदेपोहे होत. एक चांगला दणकट होता, पण त्याच्यावर गाणारीचा आवाज खरखरीत येई. दुसरा गोड होता, पण तबल्याने लय वाढवली की धापा टाकू लागे. मामा नकार इतक्या मायेने कळवत की आणणाराच हळहळे. शेवटी चालू केल्यावर तव्यासारखा तापणारा एक जुना अँप्लिफायर जमला. थंडीत मामी त्याच्यावर विरजणाचं भांडं ठेवत. मामा त्यावरून चिडत, आणि त्याच दह्याची एक वाटी जास्त खात.

खुर्ची मात्र एकच होती, दोन्ही स्पीकरपासून टेपने मापून ठेवलेली. खरा आवाज म्हणे तिथेच कळतो. म्हणजे मुळात हा छंदच एकट्याचा. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसत. तिथून निम्मंच ऐकू येतं, असं मामा त्यांना दर वेळी सांगत.

"निम्मं बास हाय मला," मामी म्हणत.

मामी थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांच्या साड्या बहिणी-भाच्यांत वाटल्या गेल्या, गाद्या-वाकळाही कुणाकुणाकडे गेल्या. मामा एकटे राहिले, आणि लवकरच त्यांनी जाहीर केलं की अँप्लिफायर बिघडला. गाणारी विहिरीत उतरून गातेय असं वाटतं, म्हणे. जुना अँप्लिफायर माळ्यावर गेला आणि पुन्हा नवी स्थळं सुरू झाली. आता पोहे नव्हते, पुड्यातली बिस्किटं होती. प्रत्येकात खोट निघत होती, आणि मायेने नकार देणारा माणूस आता वसकन अंगावर जाऊ लागला. मला त्या घरात फार वेळ बसवत नसे. शेवटी त्यांनी स्पीकरच विकायचे ठरवले. पेठ वडगावचा एक मंडपवाला रविवारी बघायला येणार होता. स्पीकरनी बोलायचं बंद केलंय, मग ठेवू कशाला, असं मामांनी फोनवर सांगितलं. ते ऐकून हिला रडू आलं. स्पीकर गेले तर त्या घरात मामांशी बोलणारं काहीच उरणार नव्हतं.

रविवारी आम्ही लवकरच पोचलो. हिने आपल्या वाट्याच्या आणि मावश्यांकडून मागून आणलेल्या मामींच्या साड्यांची एक जाडजूड वाकळ गडमुडशिंगीच्या एका बाईंकडून शिवून घेतली होती, मामांना थंडीत पांघरायला. ठेवायला दुसरी जागा दिसेना म्हणून तिने ती मागच्या रिकाम्या फळ्यांवरून खाली सोडली. गिऱ्हाइकाला ऐकवायचं म्हणून मामांनी माळ्यावरचा जुना अँप्लिफायर काढून जोडला होता. गाणं लावून ते चहा आणायला वळले आणि तिथेच थांबले. परत येऊन खुर्चीत बसले. मग उठले, वाकळ उचलून बाहेर ठेवली आणि आत येऊन एक टाळी वाजवली. ती टाळी घरभर फिरून आमच्याकडे परत आली. त्यांनी वाकळ पुन्हा आणून टांगली आणि टाळी वाजवली. या वेळी ती हातातल्या हातात विरली. गावभर लोकांच्या घरांत टाळ्या वाजवत हिंडलेल्या या माणसाने मामी गेल्यावर स्वतःच्या घरात एकदाही टाळी वाजवली नव्हती.

"अँप्लिफायरचं काय चुकलं न्हवतं, पावणं," ते म्हणाले. "घर रिकामं झालतं." आणि वाकळीचं टोक हातात धरून ते उभ्याउभ्याच रडले.

मंडपवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. सगळा आवाज काही परत आला नाही. बारा आणे आला, असं मामा सांगत.

पुढच्या थंडीत आम्ही गेलो तेव्हा दार उघडं होतं आणि आत गाणं चालू होतं, त्याच हळू आवाजात. अँप्लिफायरवर विरजणाचं भांडं होतं. खुर्ची रिकामी होती आणि मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसले होते. तिथे का बसलात, असं मी विचारलं.

"एवढी वर्सं तिला काय ऐकू यायचं, त्ये बघतोय," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "निम्मंच येतंय. पन बास हाय. तुमी बसा की खुर्चीत."

ही त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. मी खुर्चीत बसलो खरा, पण माझं लक्ष काही गाण्यात लागलं नाही.