मी नको म्हटलेली गाडी

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला केडगावच्या पुढे, जुन्या गाड्यांच्या एका आवारात, पांढऱ्या गाडीच्या दारांवर रंगाची जाडी मोजायचं यंत्र टेकवत होतो. एखाद्या दाराचा रंग बाकीच्यांपेक्षा जाड लागला की समजायचं, गाडी कुठंतरी आपटलेली आहे. फोन सुदामच्या धाकट्या भावाचा, बाळूचा होता. मी तो कापला, म्हटलं हात मोकळा झाला की लावू. त्यानं लगेच पुन्हा केला. "भाऊ, दादा गेला," तो म्हणाला. "कुठं?" मी विचारलं. "दादा गेला," त्यानं पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा मला कळलं. सकाळी उसाला पाणी देताना चारीच्या कडेला तो छातीला हात लावून खाली बसला आणि श्रीगोंद्याला पोहोचेपर्यंत संपलं होतं. फोन ठेवून मी काय केलं, तर राहिलेलं शेवटचं दार मोजलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, हातात यंत्र होतं, हात आपोआप पुढे गेला. त्या दारावर दिसलेला आकडा मला अजून आठवतो आणि तो आठवतो याचीच लाज वाटते. दीड महिना होत आला. सुदामबद्दल लिहायला बसलो की आधी तो आकडाच डोळ्यांपुढं येतो.

आम्ही दोघं नगरच्या एका बोर्डिंगात एका खोलीत राहायचो. तो श्रीगोंदा तालुक्यातल्या कालव्याकाठच्या गावचा, घरी ऊस, गुऱ्हाळ, सगळं ओलं. मी मिरजगावचा कोरडवाहू. त्याच्या घरून गुळाची ढेप आणि शेंगा यायच्या, माझ्या घरून भाकरी आणि चटणी. माझी भाकरी तो हक्कानं ओढून घ्यायचा. "आमच्या पान्याखालची जवारी फुळकवनी लागती. तुज्या आईच्या भाकरीला चव हाय," असं म्हणून गुळाचा खडा माझ्यापुढं सरकवायचा. बोर्डिंग सुटल्यावर तो शेतीत गेला, मी मोटारीचा डिप्लोमा केला, काही वर्षं गॅरेज चालवलं, आणि पुढे गाड्या दुरुस्त करण्याऐवजी गाड्या बघून देणारा झालो. आमच्या भागात ऊस, कांदा, दवाखाने, बांधकामाची कंत्राटं यांतून चार पैसे आलेली माणसं पुण्या-मुंबईच्या वापरलेल्या परदेशी गाड्या घ्यायला लागली होती. घेण्याआधी ती मला नेत. मी सांगायचो, घ्या किंवा नको.

सुदामला माझ्याबरोबर यायची फार हौस. शेतातून सवड मिळाली की फोन करायचा, "इल्या, कुठं चाललाय? मला ने." मी विलास, पण त्याच्या तोंडी कायम इल्या. हळूहळू त्याला एक काम लागलं. थंड इंजिन चालू करताना जे दोष दिसतात ते तापलेल्या इंजिनात लपतात, म्हणून काही विकणारे आपण जायच्या आधीच गाडी फिरवून आणतात. सुदाम पुढे व्हायचा, रामराम करायचा, पाऊसपाण्याचं बोलता बोलता सहज टेकल्यासारखा हात बोनटवर ठेवायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "गार हाय." किंवा बोनट तापलेलं असलं तर नुसताच खोकायचा. मला ते नेहमी हसू आणायचं.

माझा एक नियम होता. गाडीबद्दल मत पक्कं होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की बोलणं मऊ होतं. शिवाय आपल्याकडे पाहुण्यानं कप तोंडाला लावला की समोरचा निम्मा व्यवहार झाला असं धरतो, मग नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घराचा अपमान. सुदाम चहाबाज माणूस. "तुज्यापायी निम्म्या जिल्ह्यातल्या बंगल्यांतनं कोरड्या तोंडानं भाईर आलो," तो परतताना कुरकुरायचा. "लोकं म्हनत आसत्याल, पावनं लई माजल्यात." मग पहिल्या टपरीवर गाडी थांबवावी लागायची.

अशीच काही वर्षं गेली. मग मंदा वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मणक्याचं दुखणं सुरू झालं. पुण्याला ऑपरेशन झालं, पण बसलं की कळ आणि हादरा बसला की डोळ्यांत पाणी. पुण्याहून त्यांना घरी आणायला ओळखीच्या एका ऊस ठेकेदारानं आपली लांब जर्मन गाडी दिली होती. दुसऱ्या दिवशी सुदामचा फोन. "इल्या, ती गाडीत झोपली रे. शिरूर कवा गेलं तिला पत्त्याच न्हाई. कवाधरनं अशी झोपली न्हवती." मग म्हणाला, "मला आसली एक बघून दे. जुनी आसंना का. तिचं आजोळ अकोले तालुक्यात हाय, भंडारदऱ्याला जायचं म्हनती. जीपड्यात कसं न्यावं तिला?"

मी म्हणालो, बघतो.

पहिली गाडी मुंबईची होती. रंग आरशासारखा, आत अत्तराचा वास. मी मागचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी, नको. दुसरीचे किलोमीटर थोडे दाखवत होते, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. नको. तिसरी सकाळी बघितली तर एका कुशीवर बसलेली, हवेवर चालणारं तिचं सस्पेन्शन रात्रीतून गळालं होतं. मी सुदामला समजावून सांगितलं की अशी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. अर्ध्या किमतीत घेतलेल्या गाडीचा एक पंप बदलायचा तर तो नव्या गाडीच्याच भावानं येतो. "मंजी हत्तीच की," तो म्हणाला. "हत्तीच," मी म्हणालो. त्यानं मान डोलवली. पुढच्याही गाड्यांना मी नकोच म्हणालो आणि प्रत्येक वेळी माझं कारण खरं होतं.

तरीही आता जे लिहितोय ते मला तेव्हाही आतून ठाऊक होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी असंच सांगत नसे. त्यांना म्हणायचो, गाडी घ्या, एवढं एवढं काम निघेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा. सुदामसाठी मला डागच नको होता. मला वाटायचं हे प्रेम आहे. प्रेम होतंही, पण त्यात भीती जास्त होती. उद्या गाडी रस्त्यात थांबली तर त्याच्या घरात माझं नाव निघणार, ही भीती. न घेतलेल्या गाडीची तक्रार घेऊन कुणी येत नाही. नको हा शब्द माझ्या सोयीचा होता, आणि जो माणूस माझा शब्द सर्वात जास्त मानत होता त्याच्यावरच मी तो सर्वात जास्त वापरला.

मग संगमनेरची गाडी आली. निवृत्त डॉक्टरांची, एकहाती वापरलेली, राखाडी रंगाची, लांब. सुदामनं हात टेकवून सांगितलं, "गार हाय." रंग मूळचा, बेल्ट स्वच्छ, कागद चोख. मी चालवून आणली. चढावर गिअर पडताना एकदा, एकदाच, बारीक झटका जाणवला. परत येऊन मी मागच्या चाकाशी वाकून बघत होतो तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मी नको म्हणालो. मान वर करून बघतो तर सुदाम मागच्या सीटवर दार उघडं ठेवून बसलेला, डोकं मागं टेकवलेलं आणि हातात बशी. "ताई, चा लई झ्याक झालाय," तो म्हणत होता. डॉक्टर हसून म्हणाले, "मग नावावर करायचे कागद कधी करायचे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अजून मी काही बोललो नव्हतो आणि यानं परस्पर होकार देऊन टाकला होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "गिअरबॉक्सची शंका आहे. ही नको." सुदाम सीटवरून उतरला, कपबशी ट्रेमध्ये नीट ठेवली आणि डॉक्टरांना हात जोडले. ताईंचं तोंड उतरलं होतं.

परतीच्या वाटेवर लोणी आल्यावर तो म्हणाला, "लई मोटा दोष हाय का?"

"होऊ शकतो."

"हुनार हाय का हू शकतो?"

"सुदाम, मी जबाबदारी घेणार नाही."

"बरं," तो म्हणाला. राहुरीच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो. ग्लास तोंडाला लावायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "म्या चा पिला म्हून तर न्हाई ना चिडलास?" आवाजात चेष्टा होती, डोळ्यांत नव्हती. "काहीतरीच बोलतोस," मी म्हणालो आणि हसलो. तोही हसला... त्यानंतर त्यानं माझ्याकडं गाडीचा विषय काढला नाही. फोन यायचे, उसाची तोड, वहिनींची तब्येत, मिरजगावचा पाऊस, सगळं बोलायचा. बरोबर यायचं मात्र बंद झालं. मीही त्याच्या घरी जाणं लांबवत राहिलो. वहिनींसमोर काय तोंड घेऊन जायचं, असं वाटायचं. वर्ष उलटलं. त्या घरी गेलो तो थेट त्याच्या अंत्यविधीला. गर्दी एवढी की गाडी कालव्याच्या पुलाशी सोडून माणसांच्या लोंढ्यात चालत गेलो.

दहावा झाल्यावर मला एकच ध्यास लागला, त्या राखाडी गाडीचं काय झालं. डॉक्टरांना फोन केला. श्रीरामपूरच्या एका कापड व्यापाऱ्यानं ती घेतली होती. मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दुकानात गेलो. खरं सांगतो, गाडीनं त्यांना छळलं असावं अशी इच्छा मनात धरून गेलो. आणि तसंच झालं होतं. पहिल्याच वर्षी गिअरबॉक्स गेला. बराच खर्च आला. ते ऐकताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, इतकं की मी पुढ्यातला चहा उचलून प्यायलो. "मग काढून का नाही टाकली?" मी विचारलं. त्यांनी कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं. "कशाला? दुरुस्त केली, आता पळतेय. गाडी म्हटल्यावर कधीतरी थांबणारच ना हो."

दुकानाबाहेर ती उभी होती. मी तिच्या मागच्या सीटकडं बघितलं आणि मघाचं ते सुटल्यासारखं वाटणं आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा अंदाज बरोबर निघाला होता. गिअरबॉक्स जाणार होता, महिनाभर गाडी उभी राहणार होती, सुदाम माझ्या नावानं दोन शिव्या देणार होता, आणि मग वहिनी त्या सीटवर झोपून भंडारदऱ्याला जाणार होत्या. गाडी किती टिकेल हेच मी बघत आलो. सुदाम टिकणारच, हे न बघताच धरून चाललो.

गेल्या आठवड्यात वहिनींना तपासणीसाठी नगरला न्यायचं होतं. बाळूला कारखान्यावर कामाला जायचं होतं, म्हणून मी माझी लहान गाडी घेऊन नगरहून गेलो. कालव्याच्या पुलावर बाळूनं त्यांना आपल्या गाडीतून आणून सोडलं आणि तो तसाच कामाला गेला. जाताना आणि येताना, सगळ्या रस्त्यानं, वहिनींनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. प्रत्येक खड्ड्याला बोटं पांढरी व्हायची. येताना मी कसंबसं म्हणालो, "वहिनी, चांगली गाडी भाड्यानं करू, भंडारदऱ्याला जाऊन येऊ." त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आता कशाला, भावजी."

कालव्याचा पूल ओलांडून गाडी त्यांच्या वस्तीच्या वाटेला वळली आणि वहिनींनी मूठ सोडली. हात मांडीवर ठेवले, डोकं मागं टेकवलं. माझ्या लक्षात आलं, गाडीला हादराच बसत नाहीये. पूर्वी ही वाट म्हणजे दगड आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. आता मुरूम भरून, दाबून, तळहातासारखी सपाट केलेली, बांधाच्या उंचवट्यालासुद्धा लांब उतार दिलेला.

"हा रस्ता कुणी केला?" मी विचारलं.

"त्यांनीच की." वहिनींनी डोळे मिटलेलेच ठेवले. "तुमी एकदा बोलला हुता म्हनं, लांब गाडीचं पोट ह्या वाटंला घासंल. संगमनेरास्नं आलं नि मुरूम टाकाय लागलं. कारखान्याच्या ठेकेदाराचा रोलर आनला. म्या म्हनलं, आवो, गाडीचा पत्त्या न्हाई नि रस्ता कशाला? तर म्हनलं, पुढच्या गाडीला इल्या रस्त्याचं कारन काडील. त्येला कारन ठिवायचं न्हाई."

असं मी बोललो होतो. कधी, कोणत्या गाडीच्या वेळी, तेही आठवत नाही.

मला पुढचं नीट दिसेना, म्हणून मी गाडी अगदी सावकाश चालवत होतो. वस्ती समोर दिसायला लागली होती. वहिनींनी डोळे उघडून रस्त्याकडं बघितलं.

"बिगीनं घ्या, भावजी," त्या म्हणाल्या. "हितं लागत न्हाई."